सीटखालचा स्विच

भंगारात निघालेला बागेचा छोटा ट्रॅक्टर सीतारामने चार महिने खपून पुन्हा उभा केला. बोरीवलीच्या त्या सोसायटीची बाग तो एकटाच राखायचा. बायको गेल्यापासून त्याचं बोलणं ऐकायला घरात कुणी उरलं नव्हतं. दिवसभर तो ट्रॅक्टरशीच बोलायचा.

"काका, तुम्ही उतरलात की इंजिन बंद पडलं पाहिजे हां. पोरं खेळतात इथे," सेक्रेटरी माधुरीने बजावलं होतं.

म्हणून त्याने सीटखाली स्विच बसवला. माणूस बसला की स्प्रिंग दबायची, उठला की सीट वर यायची आणि इंजिन बंद. दहादा तपासून पाहिलं होतं त्याने.

आज भर दुपारी पालापाचोळा टाकायला तो फाटकापाशी उतरला. इंजिन चालूच राहिलं.

"चिकटला वाटतं स्विच," पुटपुटत तो मागे वळला. रिकाम्या सीटखालची स्प्रिंग पूर्ण दबलेली होती.

त्याने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"उतर आता," तो कसाबसा म्हणाला. "मला काम आहे."

सीट हळूच वर आली आणि इंजिन बंद पडलं.