शेवटच्या व्हॅनचा निरोप

बर्मिंगहॅमच्या आमच्या कारखान्यातली शेवटची व्हॅन फाटकाबाहेर गेलीच नाही. बाहेर कुणी विचारलं, तर तसं काही घडलेलं नाही असं सांगायचं, हे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय.

आमच्याकडे कुणी निवृत्त झालं की सगळे हातोड्यांनी पत्रे बडवून त्याला निरोप देतात. त्या दिवशी निवृत्त होणाऱ्या क्लिफर्डने या मॉडेलच्या पहिल्या व्हॅनला दरवाजे बसवले होते, शेवटच्या व्हॅनलाही त्यानेच बसवले. ती स्वतः चालवत फाटकाबाहेर न्यायची, एवढीच त्याची इच्छा होती. म्हणून आम्ही त्याच्यासाठी आणि व्हॅनसाठी एकदमच बडवलं.

आम्ही थांबलो. व्हॅन थांबली नाही; तिच्या आतून ठोके येतच राहिले.

क्लिफर्डने मागचा दरवाजा उघडला. आत कुणी नव्हतं. दरवाजा लावला, की पुन्हा ठोके.

"आतून कुणीतरी तुलाच निरोप देतंय रे म्हाताऱ्या," आमच्यातली नोरीन म्हणाली.

"पण ताल बघ की, किती भिकार! थांब, शिकवून येतो," म्हणत तो हातोडा घेऊन आत चढला. दरवाजा आपोआप लागला.

आता आतून दोन हातोडे ऐकू येतात. ताल बराच सुधारलाय.

दरवाजा उघडला, की आत कुणी नसतं.

व्यवस्थापनास नम्र विनंती, की क्लिफर्ड यांस, तसेच सोबत जे कोणी असेल त्यांसही, चहाची सुट्टी मंजूर करावी.