गडग्यापलीकडली आदळआपट

"आपटली! मुद्दाम आपटली कळशी!" गंगाराम खाटेवरून ओरडला. "आयकलंस गो?"

घरात कोणीच नव्हतं. सुभद्रा दूध आणायला गेली होती. तरी तो बोलत राहिला. ऐकायला कोणी असो नसो, बोलणं हा त्याचा हक्कच होता.

डावं अंग लुळं पडल्यापासून त्याच्याकडे धड म्हणावेत असे कानच उरले होते. पण ते कान मात्र काय होते! माडाचं झावळ गडग्याच्या अलीकडे पडलं की पलीकडे, हे तो पडल्या पडल्या सांगे. पलीकडे कार्मीनच्या घरी नारळ खोवताहेत की मसाला कुटताहेत, हेही सांगे. अख्ख्या मिठबावात असा कानाचा माणूस नाही, असं त्याचं म्हणणं होतं. दुसरं कोणी असं म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

कार्मीनशी त्याचं वैर जुनं होतं. दोघांच्या परसांमधला हा चिऱ्यांचा गडगा हातभर आत आला की बाहेर गेला, एवढंच कारण. तिचा नवरा वारला तेव्हाही गंगाराम गडगा ओलांडून गेला नाही.

पूर्वी कार्मीन विहिरीवर पाणी ओढताना इगर्जीतलं एखादं प्रार्थनागीत गुणगुणायची. नाताळापासून ते गाणं थांबलं आणि आदळआपट सुरू झाली. रोज सकाळी रहाट करकरायचा, कळशी काठावर आपटायची, पत्र्यावर काहीतरी धडाधड बडवलं जायचं. मग खल. आणि खलात काहीच नसायचं. रिकामा खल कसा वाजतो, हे गंगारामला कोणी शिकवायला नको होतं. बाई निव्वळ त्याला छळायला रिकामा खल कुटत होती.

"मी पडलंय म्हणान खूश झाली हा ती," तो म्हणायचा.

त्याच्या स्वतःच्या घरात आवाज नव्हता. लग्न झालं त्या वर्षी सुभद्रा चुलीपाशी कशाला तरी खदखदून हसली होती. त्यानं पेजेचं भांडं उचलून अंगणात भिरकावलं. त्या दिवशी दोघंही उपाशी राहिली. पुढे तिनं बांगड्यांना चिंधी गुंडाळली. भांडं ठेवताना आधी करंगळी टेकवायची आणि मगच भांडं, ही सवय तिनं हाताला लावून घेतली. पाहुणे म्हणायचे, घर कसं शांत आहे. गंगाराम मान डोलवायचा. माणूस वाईट होता तो, उगाच आडपडदा कशाला ठेवा?

पहिल्या झटक्यानंतर डॉक्टर अनिश देवगडहून आले होते. जाताना त्यांनी सुभद्राला ओटीवर बोलावून घेतलं.

"काकी, औषधं चालू राहू देत. पण मुख्य म्हणजे यांना राग येऊ देऊ नका. दुसरा झटका आला, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"रागान येता झटको?"

"रागानं बीपी वाढतं, काकी. मग काही सांगता येत नाही."

सुभद्रानं मान हलवली. डॉक्टर गाडीत बसेपर्यंत ती ओटीवरच उभी होती.

आताही ती दुधाचं भांडं घेऊन आली ती पाऊल न वाजवता. पलीकडची आदळआपट नुकतीच थांबली होती.

"खंय होतंस?"

"दूध आणूक."

"साडी कशी भिजली?"

"दंव पडला हा."

गंगारामनं ते सोडून दिलं. त्याचा भरवसा कानांवर होता.

"तिका सांगलंस काय?"

"सांगलंय. आयकणा नाय. म्हणता, हयसर माका इचारणारो कोण? मी कितीव वाजवीन."

"आणि?"

"आणि काय नाय. तुमी तापा नको."

"आणि काय म्हणाली ती? सांग!"

सुभद्रानं दूध चुलीवर ठेवलं. आधी करंगळी, मग भांडं.

"म्हणाली, तुझो घोव आता गडग्यापर्यंत तरी चलतलो काय?"

गंगारामच्या कपाळाची शीर तटतटून वर आली. सुभद्रानं त्याला पाणी दिलं. तोंडात गोळी घातली. सेवेत कसूर नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पलीकडे सुरुवात झाली. रहाट, कळशी, पत्रा. मग खल, आणि आज खल असा कुटला जात होता की गंगारामच्या दातांत कळ गेली. त्यानं सुभद्राला हाक मारली. उत्तर आलं नाही. दुधाला गेली असणार.

त्यानं खाटेची कड धरली आणि उठून बसला. मग काठी घेऊन उभा राहिला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. भिंतीला घासत तो मागच्या दारापर्यंत पोचला.

"कार्मीऽऽन! आवशीक खाव तुझ्या! बंद कर ता!"

खल थांबला.

गंगाराम दाराला टेकून धापा टाकत राहिला. जिंकलो, असं त्याला वाटलं.

मग खल पुन्हा वाजू लागला. आधीपेक्षा जोरात, आणि न थांबता.

तो उंबऱ्यावर कोसळला तो परत उठला नाही.

संध्याकाळी माणसं स्मशानातून परतली. सुभद्रा भिंतीला टेकून बसली होती. दिवेलागणीच्या सुमारास दारात रिक्षा थांबली आणि हातात बॅग घेतलेली कार्मीन उतरली. आयुष्यात पहिल्यांदा ती या घराची पायरी चढली आणि सुभद्राला जवळ घेऊन बसली.

"म्हापशाक खबर मेळली आणि तशीच निघालंय गो," ती म्हणाली. "बरो नाय होतो तो माझ्याशी. पण देवान तेका शांती देवची."



थोड्या वेळानं कार्मीननं डोळे पुसले आणि गडग्याकडे पाहिलं.

"नाताळाक लेकीकडे गेल्लंय ती आज येतंय. इतके म्हयने घर बंद. उंदरांनी वाट लावली असतली."

सुभद्रानं पदराची गाठ सोडली आणि कार्मीननं जाताना गडग्यावरून सोपवलेली घराची चावी तिच्या हातावर ठेवली.

"नाय गो. मी रोज सकाळी जाय होतंय."