ढब्बूचा मरायचा सीन

थोरल्या नातीचं लग्न झालं, त्या वर्षी आजोबांनी लग्नात दाखवायला मोबाइलवर सिनेमा काढला. मांजर खलनायक, ढब्बू कुत्रा नायक. शेवटच्या सीनमध्ये ढब्बूनं मरून पडायचं होतं, पण पठ्ठ्या बक्षिसाच्या बिस्किटाचा वास आला की टुणकन उठायचा.

"असं मरायचं, गाढवा!" म्हणत आजोबा स्वतःच फरशीवर निपचित पडून दाखवायचे. आजी ते बिस्किट त्यांच्या हातावर ठेवायची. "घ्या, तुम्हालाच छान जमतंय." ढब्बू तेही पळवायचा.

अखेर सिनेमात नायकाऐवजी आजोबाच मेले आणि पाहुणे हसून लोळले.

आजोबा खरोखर वारले ते त्याच वर्षी, हिवाळ्यातल्या एका सकाळी.



ढब्बूनं आपल्या ताटलीतलं बिस्किट तोंडात धरून आणलं आणि हळूच त्यांच्या हातावर ठेवलं.