शिवेवरचा खून

"साम्राज्यं बुडतात, राजे मातीत जातात, पण गावाची शीव जगाच्या अंतापर्यंत जागची हलत नाही," असं ड्रॅक्सटनच्या डॉक्टर लॅडब्रोक यांनी छडी उंचावून जाहीर केलं आणि पुढचं पाऊल मेंढ्यांच्या ताज्या लेंड्यांवर टाकलं. उरलेलं भाषण त्यांनी बसून केलं.

येशू स्वर्गात गेला म्हणून पाळतात तो मे महिन्यातला गुरुवार होता. त्या दिवशी मार्केट वेनिंग या बाजाराच्या गावाच्या आसपासची खेडी आपापल्या शिवेवरून चालत जातात आणि वाटेतल्या प्रत्येक हद्दीच्या दगडाला विलो झाडाच्या छड्यांनी झोडपतात, म्हणजे दगड आपली जागा विसरत नाही. ड्रॅक्सटनचे लोक उजवीकडून आले होते, आउल्बीचे डावीकडून. मधे खुनाची शिळा. दोन गावांची इथं गाठ पडू नये म्हणून आजवर एक सकाळी निघायचं आणि दुसरं दुपारी. यंदा दोघांनाही नगरपालिकेच्या मिस टिबेट्स यांनी साडेदहाला बोलावलं होतं.

मिस टिबेट्स यांच्या हातात नकाशा होता. बाजाराच्या दिवशी, म्हणजे बुधवारी, गावोगाव फिरणारी बस आता फक्त ऐतिहासिक स्थळ असलेल्या खेड्यांत जाणार होती. ड्रॅक्सटनकडे नॉर्मन काळातलं चर्च होतं, पवनचक्की होती आणि एक राजा झोपून गेला होता तो पलंग होता. आउल्बीकडे एकतीस घरं होती.

"चारशे वर्षांपूर्वी राजाचा कर वसूल करणाऱ्याचा या शिळेवर खून झाला," मिस टिबेट्स म्हणाल्या. "खून ज्या गावानं केला, शिळा त्या गावाच्या नावावर. कुणी केला?"

"आम्ही," दोन्हीकडून उत्तर आलं.

पाद्रीबाई रोझमंड मधे उभ्या होत्या. सात गावांना मिळून त्या एकट्याच, त्यामुळे कुठल्याही भांडणात त्या दोन्ही बाजूंच्या. "खून ही काही मिरवायची गोष्ट..."

"तुम्ही थांबा हो जरा," लॅडब्रोक उठून पँट झटकत म्हणाले. "आणि आउल्बीनं केला? खून? तुमच्याकडे कोंबडी मारायची तर आमच्याकडून माणूस न्यावा लागतो."

ड्रॅक्सटन हसलं.

आउल्बीच्या घोळक्यातून पॅर्जेटरबाई पुढे आल्या. वय एक्याऐंशी. त्यांचा नवरा विल्फ मार्केट वेनिंगच्या वृद्धाश्रमात होता आणि दर बुधवारी बसनं जाऊन त्या त्याला भेटायच्या. बस गेली म्हणजे विल्फ गेला. आउल्बीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी विषय काढत नव्हतं आणि बाई कुणाकडे काही मागत नव्हत्या. मागणं तिकडे असभ्य समजतात.

"काय म्हणालात डॉक्टर?"

"कोंबडी," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी विलोची छडी पाद्रीबाईंच्या हातात दिली, चालायची काठी दोन्ही हातांनी धरली आणि डॉक्टरांच्या तोंडावर हाणली. चाळीस वर्षं सगळ्या परिसराचे दात काढलेल्या माणसाचा पुढचा दात गवतात जाऊन पडला.

"हे कुठं शिकलात?" डॉक्टरांनी रक्त गिळत विचारलं.

"आमच्याकडे पिढीजात आहे."

मग दोन्ही गावं एकमेकांवर तुटून पडली. ड्रॅक्सटनच्या चर्चमधल्या ऑर्गन वाजवणाऱ्यानं आउल्बीच्या मधमाश्या पाळणाऱ्याच्या डोक्यात चहाचा थर्मास घातला. मधमाश्यावाल्यानं खाली पडता पडता त्याची बोटं धरली आणि एकेक करून उलटी वाकवली. प्रत्येक बोटाला तो "माफ करा हं" म्हणत होता. पाद्रीबाईंची भुवई प्रार्थनेच्या पुस्तकानं फुटली. पुस्तक त्यांचंच होतं. आउल्बीच्या पोस्टमनला चौघांनी पाडून लाथा घातल्या, बरगडी मोडल्याचा आवाज सगळ्यांनी नीट ऐकला, आणि कुणीच थांबलं नाही. शिळेला चारशे वर्षांनी ओलं रक्त लागलं.

पॅर्जेटरबाईंनी डॉक्टरांना त्याच शिळेशी रेटलं होतं. काठी आडवी गळ्यावर.

"बोला. खून कुणी केला?"

डॉक्टरांचा चेहरा निळा पडत चालला. बाई गंमत करत नव्हत्या हे डॉक्टरांना तेव्हा कळलं.

"तु... तुम्ही."

"आउल्बीनं?"

"आउल्बीनं. शंका नाही."

"मिस टिबेट्स, लिहून घ्या," बाई मान न वळवता म्हणाल्या.

मिस टिबेट्स कुंपणाच्या झुडपाखालून बाहेर आल्या. चष्म्याची एक काच गेली होती. "लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"'खुनाची शिळा. धोक्याची जागा. आउल्बीला बस नाही.'"

हळूहळू छड्या खाली आल्या. कुणीतरी कुणाची टोपी उचलून दिली. पोस्टमन गवतात पडून छोटे छोटे श्वास घेत होता.

बाईंनी काठी काढून घेतली. डॉक्टर शिळेला टेकून घसरत खाली बसले, खोकत राहिले. बाईही शेजारी बसल्या, दुसरीकडे जागाच कोरडी नव्हती. त्यांनी गवतात हात फिरवून दात शोधला, स्कर्टला पुसला आणि डॉक्टरांच्या तळहातावर ठेवला.

"बुधवारी विल्फ अकरापर्यंत खिडकीत बसतो," त्या समोर बघत म्हणाल्या. "अकरानंतर त्याला वाटतं, मी मेले."

डॉक्टरांनी दात रुमालात गुंडाळला.

बाईंचे कान लाल झाले. आजच्या दिवसात पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला.

"डॉक्टर, बुधवारी तुमची गाडी बाजाराला जाते ना? मागच्या सीटवर जागा असेल का हो? मी बूट पुसून बसेन."