बाजेवरचा भीष्म

"आबाजी, हालू नोका. भीष्म हालला तं चित्र बिघडते," पुनम म्हणाली आणि तिनं ब्रश पाण्यात बुडवला.

बाजेवर उताणे पडलेले बापूराव निमूट छताकडे पाहू लागले. बाजेच्या चारी अंगांनी बांबूच्या कामट्या बाणांसारख्या खोचल्या होत्या.

आरमोरीजवळच्या त्या गावात बापूरावांना एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पण ते भाताच्या तणसाच्या ढिगावरून पडले, असं त्यांनीच ओरडून सांगितलं आणि कंबर धरली. डॉक्टरांनी कुठंही बोट लावलं तरी ते बोंब मारायचे. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, महिनाभर पाठीवर पडून राहा, नाहीतर जन्मभर काठी.

घरात आधीच एक दुखणं होतं. त्यांची नात पुनम पोलीस भरतीत धावताना थोडक्यात मागं पडली होती. तेव्हापासून ती खोलीचं दार लावून पडून असायची, धड जेवतही नव्हती. आजाची बोंब ऐकून मात्र ती धावत बाहेर आली. कंबरेला हळदीचा लेप लावायचं काम तिच्याच गळ्यात पडलं.

म्हातारा भलता हट्टी. पुनम खोलीत परतली रे परतली, की हा गडी मोठ्यानं कण्हत पाय खाली सोडायचा. ती धावत यायची, रागवायची, पुन्हा निजवायची. त्याच्या हाती जन्मभर काठी तिला नको होती. आजावर तिचा फार जीव होता.

मग तिला युक्ती सुचली. गावच्या नाटकात बापूरावांनी भीष्म केला होता आणि पडदा पडेपर्यंत पापणीसुद्धा हलवली नव्हती, असं ते स्वतःच सांगत. दुसरा साक्षीदार नव्हता.

"आबाजी, मले चित्र काढाले शिकाचं हाय. शरपंजरी पडलेला भीष्म. तुमी पडून राहान तवाच जमन."

चित्रकलेशी तिचा संबंध शाळेतल्या रंगपेटीपुरता. पण म्हातारा गळाला लागला.

पहिलं चित्र झालं. बापूरावांनी ते बराच वेळ न्याहाळलं.

"हा भीष्म हाय का साळिंदर?"

"बाण जरा जास्त झाले."

"माहं नाक कुठी हाय?"

"बाणाच्या मागं."

आणि पुनम खदखदून हसली. चुलीपुढच्या अंजनाबाई, म्हणजे तिची आजी, भात करपला तरी तिच्याकडे पाहतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनाच अर्जुन व्हावं लागलं, हातात फुंकणी घेऊन.

"या वयात मले मर्दाचं सोंग काऊन देतं व पोरी?"

"मले उशी पाह्यजे," भीष्म कुरकुरला.

"भीष्माले उशी नवती, आबाजी. अर्जुनानं बाण देल्ले डोक्याखाली."

"मंग अर्जुनाले सांग, निदान चहा तरी दे."

कागदामागून कागद फाटले. सुरकुत्या काळ्या रेघेनं येत नाहीत, सावलीनं येतात, हे तिचं तिलाच उमगलं. आता ती उजाडताच बाजेपाशी हजर असायची. रंग कालवताना गुणगुणायची. जेवायलाही विसरायची, पण आठवलं की भांडून दोनदा भात मागून घ्यायची.

महिना भरला तेव्हा चित्रही झालं. म्हातारा योद्धा असा उतरला होता, की शेजारचे सोमाजी त्याला हात जोडून गेले. चित्र गुंडाळून पुनम फ्रेम करायला आरमोरीला निघाली. तिथल्या चित्रकलेच्या वर्गाचीही ती चौकशी करणार होती. जाताना आजीच्या कानात म्हणाली, "महिनाभर कसं निजवलं त्यायले! अजून पत्ता नाई."

ती फाटकाबाहेर पडली. बापूरावांनी मान उंचावली.

"गेली का व?"

"गेली. गाणं म्हणत गेली."

बापूरावांनी कामट्या बाजूला सारल्या, टुणकन उठायला गेले आणि कंबर धरून मटकन खाली बसले.

"अवं, हळद आन जरा. आता खरंच दुखून राह्यली."