रिकामा डबा

शेजारच्या परीक्षितने एअरपोर्टला जायला आमची जुनी गाडी नेली आणि पुढचं चाक तिरकं करून आणली. वर मलाच म्हणतो, "उल्हासदादा, बारा वर्षांची गाडी आहे, आधीपासूनच तसं असणार!"

त्याच दिवशी त्याच्या ड्राइव्हवेलगतच्या पायरीवरची निळी कुंडी फुटली. त्याच्या बायकोने, ऊर्मीने, त्या कुंडीतली तुळस पाच विंटर घरात जपली होती. "रात्री कचरा उपसायला येणाऱ्या त्या रॅकूनने पाडली," असं त्याने तिला सांगितलं. बिचारी दोन दिवस धड जेवली नाही.

शनिवार-रविवार मी ड्राइव्हवेवर गाडीखाली पडून होतो. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने गंजलेले बोल्ट ठोकून ठोकून काढले, बोटं सोलली, चाकाचा वाकलेला बॉल जॉइंट उतरवून नवा बसवला. परीक्षित कॉफी पीत बघायला आला. "एवढी मेहनत कशाला? फेकून द्या ना हे डबडं!"



संध्याकाळी शीला म्हणाली, "अहो, ऊर्मीचा चकल्यांचा डबा परत द्यायचाय. रिकामा नका हं देऊ."



रिकामा कशाला देईन? तो जुना बॉल जॉइंट, त्याच्या फाटक्या रबरी टोपणात रुतलेल्या निळ्या कुंडीच्या तुकड्यासकट, डब्यात ठेवला आणि डबा थेट ऊर्मीच्या हातात दिला.