शेवटी कोण उतरणार?

जहाज बुडत होतं. उतारू, खलाशी केव्हाच उतरले होते, शेवटची होडी खाली ताटकळत होती आणि कललेल्या डेकवर कप्तानाचं बायकोशी भांडण जुंपलं होतं. "अगं, कप्तानानं शेवटी उतरायचं, शिरस्ता आहे!" "तुमचा असेल. आपल्या घरातून शेवटी कोण निघतं? खिडक्या, दिवे, कुलूप कोण बघतं?" पाणी घोट्याशी आलं. हिला हलवण्यापेक्षा समुद्राला समजावणं सोपं. अखेर त्यानं टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली, सलाम ठोकला आणि मुकाट्यानं शिडी उतरला. आता कप्तान तीच, शिरस्ताही शाबूत. होडीतून वर पाहतो तर डेक रिकामा! त्याचा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात टोपी सावरत ती उतरली, त्याला खेटून बसली आणि म्हणाली, "केबिनमधला नळ उघडाच ठेवलात! बंद करून आले."